एका हाताचं मशीन

नोकरीत असताना माझ्या दोन गालांवर दोन वेगवेगळ्या दाढ्या असत. डाव्या गालावर चालू मालाची, उजव्या गालावर नव्या नमुन्याची. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत दाढीची मशीनं करणारा एक लहान कारखाना होता, तिथं मी टूलरूममध्ये मिस्त्री होतो. नवा नमुना तपासायला आमच्याकडं प्रयोगशाळा नव्हती, गाल होते. दुपारच्या सुट्टीत आम्ही खिडकीशी ओळीनं उभे राहायचो आणि मालक आमच्या तोंडांवरून तळहात फिरवत जायचे. मालकांना त्यांच्या बायकोसकट सगळे अण्णा म्हणत. नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हा प्रकार चमत्कारिक वाटायचा. दुसऱ्या दिवशी तोही मान वर करून उभा असायचा.

आमचं घराणं मेंढरांचं, आटपाडीच्या बाजूचं. वडिलांनी जन्मभर मेंढरं कातरली. मी शिकून, फिटरचं सर्टिफिकेट घेऊन दाढीच्या मशीनवर लागलो, यात त्यांना प्रगती काही दिसली नाही. पोरानं जनावर बदललं, एवढंच ते पाहुण्यांना सांगायचे.

ज्यांनी मशीन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर टोपी, खाली बैठक, मध्ये पातं, आणि या तिघांना आट्यांवर आवळून धरणारी मूठ. संपलं. पातं नुसतं हातात धरलं तर लवतं, थरथरतं. टोपीला बाक असतो, तो पात्याला वाकवतो, आणि वाकवलेलं पातं ताठ राहतं. धार टोपीच्या बाहेर जराशी डोकावते. तिच्या पुढं बैठकीची कड असते, ती कातडी दाबत, सपाट करत पुढं सरकते. त्या कडेत आणि धारेत जी फट असते, तिच्यावर आमच्या सगळ्यांची घरं चालत होती. फट जास्त झाली की रक्त येतं. कमी झाली की नुसता फेस पुसला जातो आणि दाढी होती तिथंच राहते. वस्तरा धरायला हात तयार करावा लागतो, त्यात वर्षं जातात. मशीनमध्ये तो तयार हात आधीच बसवलेला असतो. ‘आता न्हाव्याची गरज नाही’ असं आमच्या खोक्यावर छापलेलं होतं. ते मी रोज वाचत होतो. त्याचा खरा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला, आणि तोच सांगायला बसलो आहे.

पण त्याआधी दातांचं सांगायला हवं, कारण पुढं ते लागणार आहेत.

जुन्या मशीनच्या बैठकीला फणीसारखे दात असायचे. मग जगात कुणीतरी सुधारणा केली आणि दात काढून सरळ, गुळगुळीत कड आणली. अण्णांनी नव्वदच्या सुमाराला ही सुधारणा आपल्याकडं आणायची ठरवली. आम्ही नमुने केले, गालांवर तपासले, सगळ्यांचे उजवे गाल तुळतुळीत निघाले. माल बाजारात गेला आणि परत यायला लागला. जत, कवठेमहांकाळ, तिकडून पार मेढ्यापर्यंत तक्रार एकच होती, की मशीन ओढतंय. मेढ्याचा दुकानदार तर पेटी खांद्यावर घेऊन स्वतः आला. मशीन दाढी करत नाही, खुरपणी करतं, असं त्याचं म्हणणं पडलं. अण्णांनी त्याच्यादेखत माझ्या गालावरून मशीन फिरवून दाखवलं. ते सरळ निघून गेलं. दुकानदारानं मला निरखून बघितलं आणि विचारलं, की ह्यांनी मागची दाढी कधी केली होती? मी म्हणालो, काल. तो म्हणाला, मग बरोबर.

मग त्यानं वार सांगायला घेतले. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशीला नाही, अमावास्येला नाही, सुतकात नाही, श्रावणात तर नावच नाही. बाजाराच्या दिवशी वेळ नसतो. उरतो एखादा रविवार, त्या दिवशी पाहुणे येतात. आमचं गिऱ्हाईक मशीन हातात घेत होतं ते आठवड्याची नाहीतर पंधरवड्याची दाढी घेऊन. एवढा वाढलेला केस सरळ कडेखाली आडवा झोपतो आणि धार त्याला ओढत नेते. दातांतून तोच केस उभा राहून धारेसमोर येतो. हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, कारण नोकरीपायी आम्ही सगळे रोज दाढी करत होतो. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मेंढरू रोज कुणी कातरतं व्हय?"

अण्णांनी दात परत आणले आणि खोक्यावर ‘सुधारित’ असं छापलं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शोभाताई कारखान्यात आल्या. इस्लामपूरजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी चालवत. त्यांनी माझ्या टेबलावर रुमाल सोडला. आत एक पितळी मशीन होतं, दातांचं, तीन तुकड्यांचं, मुलामा पार उडालेला. मुठीवरची नक्षी बोटांनी घासून घासून साफ गेली होती आणि मूठ मध्यावर बारीक झाली होती. मी इतकी मशीनं केली, पण बोटांनी झिजलेली मूठ पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं मुलामा मारायला आणलंय.

"मुलामा ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हे एका हातानं उघडंल असं करून द्या."

मशीन त्यांच्या सासऱ्यांचं होतं, ज्ञानूतात्यांचं. तात्या जुने लष्करातले. दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. उजवा हात चांगला होता, दाढी करता येत होती, पण पातं बदलायचं तर एका हातात मूठ आणि दुसऱ्यात टोपी धरून आटे सोडावे लागतात. काही दिवस शोभाताईंनी पातं बदलून दिलं. एकदा त्यांचं बोट कापलं. टॉवेलवरचं रक्त तात्यांनी बघितलं, आणि त्यानंतर मशीन सुनेच्या हाती दिलं नाही. मुलगा एसटीत ड्रायव्हर होता, तो म्हणाला पातं मी बदलतो, नाहीतर मीच करतो तुमची दाढी. नको म्हणाले. शेवटी घरच्यांनी गावच्या न्हाव्याला, गणपाला बोलावलं. गणपा पिशवी घेऊन दारापर्यंत आला. तात्या आतूनच म्हणाले, माझ्याकडं मशीन हाय. गणपा परत गेला आणि तात्यांची दाढी वाढत राहिली.

चौदा एप्रिल जवळ आला होता. गावातल्या जयंतीचा झेंडा दरवर्षी तात्यांच्या हातून चढायचा. यंदा त्यांनी सांगून टाकलं होतं, की दाढी वाढवून मी झेंड्याला हात लावणार नाही, दुसरा माणूस बघा. वस्तीतला कुणी दुसरा माणूस व्हायला तयार नव्हता.

मी धंद्याच्या माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला. न्हावी दारापर्यंत येतो म्हणता, मग अडचण काय?

शोभाताईंनी सांगितलं. तात्या लष्करातून सुटून आले तेव्हा गणपा नुकताच हात बसलेला तरुण न्हावी होता. चावडीजवळच्या झाडाखाली त्याचं बसणं. तात्या अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी त्याच्यासमोरच्या दगडावर जाऊन बसले. त्यांच्या वस्तीतल्या माणसाची हजामत गावचा न्हावी करत नसे. हे गावात कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण बोलावं लागतच नव्हतं. गणपा भला माणूस, तो तोंडावर नाही म्हणाला नाही. वस्तऱ्याला आज धार नाही, असं म्हणाला. तात्या बरं म्हणून उठले. ती धार पुढं कधी आलीच नाही.

तात्यांनी घरी जाऊन लष्करातून आणलेलं मशीन काढलं, दाराला आरसा टांगला आणि भर उजेडात दाढी केली. पुढच्या रविवारी त्या आरशासमोर वस्तीतली पोरं जमली. मशीन एकच, पातं ज्याचं त्यानं आणायचं. तात्या शेजारी बसून सांगायचे, कुठं दाबायचं, कुठं सोडायचं. कुणाच्या गालाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. कापलं तरी चालेल, पण हात सोताचा पायजे, असा त्यांचा कायदा होता. वस्तीतले सगळे बाप्ये त्या आरशासमोर शिकले. त्यांची पोरं शिकली, शोभाताईंचा नवराही तिथंच शिकला.

माझ्या टेबलावर त्या वेळी नवीन खोक्यांचा गठ्ठा पडला होता. न्हाव्याची गरज नाही, असं प्रत्येकावर लाल अक्षरांत होतं. आमच्या वाड्यावर न्हावी यायचा, मेंढरांच्या वासातच सगळ्यांची डोकी करून जायचा. तो येतो यात मला आजवर काही विशेष वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि शरमही वाटली.

अण्णांना सांगितलं. कर, पण कामाच्या वेळेत नको, असं म्हणून ते स्वतः कामाच्या वेळेत माझ्या डोक्याशी उभे राहिले.

दाढीच्या मशीनमध्ये जुन्या काळी जी मोठी सुधारणा झाली ती दारांची. टोपी एक सुटा तुकडा न ठेवता तिचे दोन पल्ले केले. मुठीतून आरपार एक कांडी जाते, खाली तिचं पिळायचं गोल टोक, म्हणजे गोंडा, असतो. गोंडा पिळला की कांडी वर सरकते आणि पल्ले कपाटाच्या दारांसारखे उघडतात. पातं आत टाकायचं, गोंडा उलटा पिळायचा, दारं बंद. सुटं होणारं काही नाही, पडणारं काही नाही. अण्णांच्या चुलत्यांचं असलं एक विलायती मशीन होतं, ते आम्ही पार खोलून बघितलं आणि तसं पितळेत केलं. कड मी मुद्दाम दातांची ठेवली, कानस घेऊन हातानं एकेक दात पाडला, कारण तिकडं महिन्याची दाढी वाट बघत होती.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं तात्यांच्या गावी गेलो. तात्या सोप्यात खाटेवर बसले होते. पांढरी दाढी गाल भरून वाढलेली, पण सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. मी नमस्कार म्हणालो, ते जय भीम म्हणाले आणि माझं गाव, घरचा धंदा विचारून घेतला. मशीन त्यांनी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं, कांडीला कान लावला, आणि मग गोंडा पिळायला गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गोंडा पिळायचा तर मूठ कुणीतरी धरायला हवी. मूठ धरली तर गोंडा पिळायला हात नाही. त्यांनी मशीन गुडघ्यांत धरून बघितलं, ते निसटलं. मग दातांत धरलं आणि गोंडा पिळला. मशीनबरोबर कवळी बाहेर आली. तात्यांनी ती परत बसवली आणि विचारलं, "पुढं?"

पुढं काही नव्हतं. मी मशीन घेऊन परत निघालो.

एसटीत बसून विचार करत होतो, की आमच्या टूलरूममध्ये माणूस एकटा असला म्हणजे काय करतो. नग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळतो आणि मोकळ्या हातानं काम करतो. व्हाइस हाच तिथं दुसरा हात. घरी आल्याबरोबर मी स्वयंपाकघरातला एक सागवानी पाट उचलला. त्याच्या मध्यावर लोखंडी चौकोनी खोबण बसवली आणि मशीनचा गोंडा गोल होता तो चौकोनी केला. मशीन खोबणीत उभं रोवायचं आणि गोंड्याऐवजी मूठच पिळायची. गोंडा अडकून राहतो, दारं उघडतात. एवढंच. पाटाबद्दल बायकोनं विचारलं तेव्हा कारखान्याचं काम आहे म्हणालो. तिच्या मते कारखान्याला पाट लागायला लागले म्हणजे कारखान्याचे दिवस भरत आले होते, आणि त्यात ती फारशी चुकली नाही.

तपासणी पद्धतशीर झाली. अण्णांनी माझा डावा हात टॉवेलनं पाठीशी बांधला आणि मी पातं घालून, काढून दाखवलं. मग बाकीच्यांनाही करून बघायचं होतं. त्या वेळी बँकेचे साहेब कशासाठी तरी आले, तर निम्मा कारखाना हात पाठीशी बांधून पाटाभोवती बसलेला. अण्णांनी त्यांना चहा दिला, खुलासा दिला नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी पाट घेऊन मी गावी पोचलो. तात्यांनी मशीन खोबणीत रोवलं, पिळलं, दारं उघडली. परत पिळलं, दारं मिटली. "हां," ते म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी शेजारचं नवं पातं उचललं. पातं कागदात होतं. वर एक कागद, आत मेणाचा एक. कारखान्यात आम्ही सगळ्यांनी उघडी पाती घेऊन तपासणी केली होती. एका हातानं त्या कागदातून पातं काढायचं म्हणजे बोटं तोडून घेणं.

"पाटाला चीर पाडा की," शोभाताई म्हणाल्या. "पुडी हुबी ऱ्हाईल, कागद वर वडायचा."

त्यांच्या नवऱ्याची करवत होती. मी पाटाच्या कडेला चीर पाडली, पुडी उभी रोवली. तात्यांनी चिमटीनं एक कागद ओढला, मग दुसरा. पातं चिरेत उभं राहिलं. ते त्यांनी आखूड बाजूंनी धरून उचललं आणि दारांत ठेवलं.

फेस केला. उजवा गाल झाला, मशीनच्या दातांनी नीट काम केलं. हनुवटीही झाली. मग मशीन डाव्या गालावर गेलं आणि अडलं. दाढी करताना माणूस एका हातानं कातडी ताणतो. आपण ते करतो हे आपल्या लक्षातही नसतं. तात्यांचा डावा हात मांडीवर पडून होता आणि डावा गाल त्याच्यासारखाच सैल होता. गाल फुगवावा तर ओठातून वारा निघून जात होता. मशीनपुढं कातडीला घडी पडली आणि कापलं. त्या बाजूला त्यांना कळत नव्हतं. आरशात लाल ओघळ दिसला तेव्हा कळलं. त्यांनी मशीन पाटावर ठेवलं, टॉवेल गालाला लावला.

"बास झालं," ते म्हणाले. "मिस्त्री, तुमी लय केलं."

अर्धी दाढी झालेला तो चेहरा मला बघवेना. माझ्या स्वतःच्या गालांवर वर्षानुवर्षं तेच चाललं होतं आणि त्याचं मला हसू यायचं. इथं आलं नाही. पाणी प्यालो आणि स्टँडकडं निघालो.

चावडीजवळ झाडाखाली एक म्हातारा बसला होता. पुढं पिशवी, पण गिऱ्हाईक नाही. हात मांडीवर ठेवलेले होते तरी थरथरत होते. पांढरे खुंट वाढलेले. त्यानं मला हाक मारून थांबवलं आणि विचारलं, तात्यांचं झालं का? गणपा तो हाच, हे मी ओळखलं. नाही झालं, म्हणालो. डावा गाल हाती येत नाही. मग कमरेची चंची सोडून त्यानं एक अख्खी सुपारी काढली.

"बोळक्या म्हाताऱ्यांच्या गालात आमी ही धरायला लावतो," तो म्हणाला. "गाल भाईर येतो, घडी पडत न्हाई. सरकवत सरकवत करायची. माझं नाव नगा सांगू."

मी माघारी गेलो. शोभाताईंना चुलीपाशी गाठून सुपारी दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती धुतली, वाटीत घालून तात्यांपुढं ठेवली. हे कुणी सांगितलं, तात्यांनी विचारलं. मिस्त्रींनी, असं शोभाताई म्हणाल्या. तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुमी मेंढरांचं न्हवं? मेंढराच्या गालात सुपारी धरत्यात व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

तात्यांनी वाटीतल्या सुपारीकडं बराच वेळ बघितलं. मग ती उचलून गालात धरली आणि मशीन हातात घेतलं.

जयंतीला मी नव्हतो, नंतर शोभाताईंनी सांगितलं. झेंडा तात्यांनीच चढवला. एका हातानं दोर ओढायचा तर मधे मधे कुणीतरी धरावा लागतो. तेवढा दोर मात्र त्यांनी मुलाला धरू दिला.

हे मशीन बाजारात आणावं असं माझ्या मनात होतं. अण्णांनी विचारलं, एका हाताची गिऱ्हाइकं किती? विषय तिथंच संपला. पुढच्या काही वर्षांत वापरून फेकून द्यायची प्लॅस्टिकची मशीनं आली. त्यात फट नीट असते, हे कबूल केलं पाहिजे. पण असलं मशीन उघडत नाही, मिटत नाही, दुरुस्त होत नाही, आणि मूठ झिजण्याइतके दिवस कुणाच्या घरात राहत नाही. नव्वदचं दशक संपायच्या आत आमचा कारखाना मिटला. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवर सारखीच दाढी होती. माझ्या हातची साच्यातली मशीनं किती गावांत गेली कुणास ठाऊक. पाटावरची मशीनं मात्र दोनच झाली. दुसऱ्याची गोष्ट राहिली.

जयंतीनंतर वर्ष गेलं असेल. शोभाताई परत आल्या आणि तसलंच आणखी एक मशीन मागितलं. कुणाला, विचारलं तर म्हणाल्या, गणपाआबाला.

न्हावी सहसा स्वतःची दाढी स्वतः करत नाही, हे मला तेव्हा कळलं. एकजण दुसऱ्याची करतो. गणपाची दाढी त्याचा भाऊ करायचा. भाऊ वारला. मुलांनी इस्लामपुरात सलून टाकलं होतं, ती सणावाराला यायची. गणपाच्या हाताचा कंप इतका वाढला होता, की वस्तरा धरायची सोय नव्हती, आणि सुटे तुकडे जुळवायचं मशीन तर त्याहून नाही. गावची तोंडं त्यानं जन्मभर केली, पण स्वतःच्या तोंडाला त्यानं कधी हत्यार लावलं नव्हतं. तो तात्यांच्या दाराशी आला होता. शिकवाल का, म्हणून विचारायला. वस्तीतल्या काही पोरांचं म्हणणं होतं की त्याला दारातूनच परत पाठवा, वस्तऱ्याला धार नाही म्हणून सांगा. तात्या त्यांना म्हणाले होते, की या आरशासमोरून मी आजवर कुणाला उठवलेलं नाही.

मी दुसरं मशीन केलं. मुठीत शिसं ओतून ती जड केली. जड वस्तू धरली की कंप थोडा दबतो. बायकोचा दुसरा पाटही गेला.

रविवारी सकाळी गेलो. दाराला तोच आरसा होता, काठानं पारा उडालेला. तात्या खाटेवर बसले होते, गाल स्वच्छ. त्यांच्या पाटावर पाण्याची वाटी होती आणि वाटीत ती सुपारी, रोजच्या वापरानं काळी, गुळगुळीत झालेली. गणपा आरशासमोर बसला. शोभाताई उंबऱ्यात, वस्तीतली चार माणसं अंगणात. नवा पाट मी गणपापुढं ठेवला.

"तवा धार न्हाई म्हणलो व्हतो," तो आरशाकडं बघूनच म्हणाला. "धार व्हती, तात्या."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "पातं बसीव."

गणपानं पुडी चिरेत रोवली, कागद ओढले, पातं घातलं, मूठ पिळली. हे त्याला लवकर जमलं, हत्यारातला माणूस होता. फेस लावून त्यानं हनुवटी केली. गालाशी आल्यावर मशीन थांबलं. त्याचेही दात गेलेले, गाल खोल. त्यानं मान वळवून तोंड तात्यांसमोर धरलं, जसं गिऱ्हाईक धरतं तसं. तात्यांचा उजवा हात हलला. तो गालाकडं गेला नाही, वाटीकडं गेला. त्यांनी सुपारी काढली आणि गणपाच्या पाटावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "तुझीच हाय."

गणपाच्या कमरेला चंची होती आणि तिच्यात कोऱ्या सुपाऱ्या असणारच. त्याचा हात एकदा तिकडं गेलासा वाटला. मग त्यानं पाटावरची ओली सुपारी उचलली, सदऱ्याला न पुसता तोंडात टाकली आणि गालात धरली. गाल बाहेर आला. त्यानं मशीन लावलं.

"दाबू नगं," तात्या म्हणाले. "वजन मशीनचं. हात नुसता सोताचा."

बराच वेळ लागला. एका जागी थोडं कापलं. शेवटी गणपानं तोंड धुतलं आणि टॉवेलनं टिपलं. माझी नोकरीतली सवय, मी पुढं झालो आणि गाल तपासायला हात लांब केला.

"मिस्त्री," तात्या म्हणाले, "त्याचा त्यो बगंल."

मी हात मागं घेतला. गणपानं आपला थरथरता तळहात उचलला आणि स्वतःच्या गालावरून सावकाश फिरवला, आधी एका, मग दुसऱ्या.